पाठमोऱ्या डावातली निसटलेली मात

टॉलीचा नाला हुगळीला मिळतो, तिथून दक्षिणेला खिदिरपूर सुरू होते. कोलकात्याच्या या भागाची ओळख गोदीची, खलाशांची, मायकेल मधुसूदन दत्तांच्या वास्तव्याची. बुद्धिबळाच्या इतिहासात त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. पण या खेळाशी जोडलेल्या तीन जागा त्याच्या तीन दिशांना आहेत. पश्चिमेला गार्डन रीचच्या रस्त्याने मटियाबुर्ज लागते. अवधचे राज्य खालसा झाल्यावर १८५६ मध्ये नवाब वाजिद अली शाह इथे आला आणि १८८७ मध्ये इथेच वारला. उत्तरेला, मैदान ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्ता चेस क्लब चालत होता. पूर्वेला अलीपुरात बेल्व्हेडियरच्या आवारात राष्ट्रीय ग्रंथालय आहे. २०१९ साली तिथल्या भाषा भवनात जगातले अव्वल खेळाडू जलद बुद्धिबळ खेळले आणि मॅग्नस कार्लसनने ती स्पर्धा जिंकली. डोळे, स्मरण आणि वेळ यांचा या खेळात एकमेकांशी काय संबंध आहे, या प्रश्नाची उकल करायला या तीन जागांच्या मध्ये उभे राहणे सोयीचे आहे.

मटियाबुर्जच्या नवाबामुळे बुद्धिबळाचे एक चित्र आपल्या मनात घट्ट बसले आहे. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या कथेतले आणि सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये तिच्यावरून काढलेल्या चित्रपटातले मिर्झा आणि मीर पटावर नजर खिळवून बसतात आणि तिकडे राज्य बुडते. नजर पटावर असली की पट तरी पुरता कळतो, हे या चित्रात गृहीतच धरलेले आहे. पटाकडे न पाहता खेळलेल्या डावांबद्दल बोलतानाही आपण तेच गृहीत धरतो. डोळे बांधून खेळणाऱ्याच्या हातून जिंकणारी चाल निसटली की ‘त्याला बिचाऱ्याला दिसत नव्हते’ एवढ्यावर विषय संपतो. मला हे स्पष्टीकरण चुकीचे वाटते. निसटलेल्या विजयाचा नजरेशी संबंध फार थोडा असतो. ती चाल खेळाडूने स्वतःला विचारलेलीच नसते, आणि हे उघड्या डोळ्यांच्या डावातही तितकेच खरे आहे. झाकलेल्या पटामुळे ते फक्त लवकर उघडे पडते.

पट न पाहता खेळण्याची रीत फार जुनी आहे. ७१४ साली मारला गेलेला सईद इब्न जुबैर हा विद्वान पटाकडे पाठ करून खेळत असे, अशी नोंद अरबी परंपरेत आहे. तेराव्या शतकात बुझेक्का नावाच्या खेळाडूने फ्लॉरेन्समध्ये एकाच वेळी तीन डाव खेळून दाखवले, त्यांतले दोन पट न पाहता. १७८३ मध्ये लंडनमध्ये फिलिडोरने हाच प्रयोग केला, तेव्हा लोकांना तो मानवी बुद्धीचा चमत्कार वाटला. आपल्याकडे या कसबाला अवधानात जागा मिळाली. तेलुगू मुलखातल्या अष्टावधानात बुद्धिबळाचा डाव हे एक जुने अंग. अवधानी श्लोकाचा चरण पुरा करतो, घंटेचे टोल मोजतो आणि मध्येच समोरच्याची चाल ऐकून आपली चाल सांगतो. डाव शेवटपर्यंत न विस्कटता चालला, की अवधान साधले. मधल्या एखाद्या चालीत मात होती का आणि ती राहून गेली का, हे विचारणे त्या सभेचे काम नव्हते. सभा धारणा तपासायला बसलेली असे.

युरोप-अमेरिकेतही पुढे मोजदाद झाली ती पटांची. १८५८ मध्ये पॅरिसला मॉर्फी आठ पटांवर खेळला. १९०२ मध्ये मॉस्कोत पिल्सबरी २२ वर, १९३३ मध्ये शिकागोत अलेखिन ३२ वर, १९३७ मध्ये एडिनबरोत कोल्टानोव्स्की ३४ वर. नायडॉर्फची कहाणी तर काळजाला हात घालते. पोलंडमधला हा ज्यू खेळाडू युद्ध सुरू झाले तेव्हा अर्जेंटिनात अडकला. मोठा विक्रम केला तर बातमी मायदेशी पोचेल आणि घरचे कोणी जिवंत असतील तर त्यांना आपण कुठे आहोत ते कळेल, या आशेने १९४३ मध्ये तो ४० पट न पाहता खेळला. १९४७ मध्ये साओ पावलोत ४५ पट खेळला, त्यांतले ३९ जिंकला. २०१६ मध्ये लास व्हेगासला तिमूर गरेयेवने ४८ गाठले. ही सगळी वही पटांच्या, तासांच्या आणि निकालांच्या आकड्यांनी भरलेली आहे. हातात आलेला विजय किती वेळा आणि कोणत्या तऱ्हेने सुटला, हा रकाना मात्र फार काळ कोराच राहिला, आणि त्यामुळे ‘दिसत नव्हते’ हे उत्तर कोणी तपासलेच नाही.

ते तपासायला कलकत्ता क्लबाचा एक डाव घेऊ. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर, जन्म १७९८ चा. तरुणपणी फ्रान्समध्ये देशापेल आणि ला बोर्दोने यांच्याशी खेळलेला, पुढे वकिलीसाठी कलकत्त्यात स्थिरावलेला आणि मधल्या काळात लंडनमध्ये स्टाँटनशी शेकडो डाव खेळलेला. त्याच्या तोडीचा खेळाडू शहरात मिळेना. तो मिळाला मुफस्सिलात: महेशचंद्र बॅनर्जी नावाचा एक ब्राह्मण. देशी पद्धतीच्या खेळात मुरलेला हा माणूस विलायती नियम शिकला आणि पुढची कित्येक वर्षे कॉक्रेनसमोर बसला. दोघांचे शेकडो डाव आज उपलब्ध आहेत. घोडा देऊन दोन प्यादी घेण्याची जी चाल आज कॉक्रेनच्या नावाने ओळखली जाते, ती त्याने १८४८ मध्ये महेशचंद्रविरुद्धच खेळली होती. देशी खेळात प्यादी एकेक घरच पुढे सरकतात, त्यामुळे महेशचंद्राची मांडणीही वेगळी असे: मधली प्यादी मागे, उंट बाजूच्या घरातून लांब कर्णावर रोखलेला. पुढे या मांडणीला ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव पडले. खेळाच्या परिभाषेत आपल्या मुलखाचे नाव राहिले ते या मुफस्सिलातल्या माणसामुळे. त्याचा जन्म कधीचा, घर कोणते, हे इतिहासाने जपून ठेवले नाही याची मला खंत वाटते.

त्या दोघांचा १८५५ चा एक डाव आज ग्रुनफेल्ड बचावाचा सर्वांत जुना नमुना म्हणून दाखवला जातो. मला त्याचा शेवट महत्त्वाचा वाटतो. अठराव्या चालीला कॉक्रेनच्या घोड्याने एफ७ चे प्यादे मारले. महेशचंद्राने उत्तरादाखल आपला घोडा ए५ वर नेऊन पांढऱ्या वजिरावर रोखला. नोंद इथेच थांबते: पांढरा तीन चालींत मात करतो. ती मात अशी. घोडा एच६ वर उडी मारतो. त्याच्या जाण्याने वजिराची तिरपी वाट मोकळी होते आणि घोडा स्वतःही शह देतो, म्हणजे शह दुहेरी. राजा कोपऱ्यात जातो. मग वजीर थेट राजाशेजारच्या घरात जाऊन स्वतःचा बळी देतो. काळ्याच्या हत्तीला तो मारावाच लागतो, आणि आपल्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोडा पुन्हा एफ७ वर येऊन मात देतो. राजा कोपऱ्याऐवजी एफ८ वर गेला असता, तर वजिराने एफ७ वर येऊन तिथल्या तिथे मात केली असती. या कोंडीच्या मातेला युरोपात फिलिडोरचे नाव आहे, पण ती त्याच्याही आधीची. १४९७ मध्ये छापलेल्या लुसेनाच्या स्पॅनिश पुस्तकात ती आहे.

या शेवटात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि दोन्ही माझ्या मुद्द्याच्या मुळाशी जातात. पहिली अशी की नोंदीपुरत्या तरी या तीन चाली पटावर आल्याच नाहीत. त्या काळच्या खेळाडूंना ‘इतक्या चालींत मात’ असे जाहीर करून डाव थांबवण्याची सवय होती. असे जाहीर करणारा माणूस समोरच्या पटाकडे पाहत असला, तरी त्याला हवा तो पट तिथे नसतोच. घोडा एच६ वर, राजा कोपऱ्यात, वजीर गेलेला: ही स्थिती फक्त त्याच्या डोक्यात असते. म्हणजे उघड्या डोळ्यांचा प्रत्येक डाव पहिल्या चालीनंतर आंधळाच होतो. तीन चाली पुढचे पाहायचे तर समोरची मोहरी नजरेआड करावी लागतात, आणि कधी कधी तीच आड येतात. दुसरी गोष्ट अशी की महेशचंद्राचे डोळे उघडे होते आणि घड्याळाचाही जाच नव्हता, कारण बुद्धिबळात वेळेचे बंधन तेव्हा नुकते कुठे चर्चेत येऊ लागले होते. तरी एच६ ची चाल त्याच्या हिशेबातून सुटली, किंवा हिशेबात आली ती फार उशिरा.

आपल्या परंपरेला हे आतल्या पटाचे भान नव्हते असे नाही. मूळचे पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातले नीलकंठ भट्ट यांच्या ‘भगवंतभास्कर’ या सतराव्या शतकातल्या ग्रंथात बुद्धिबळाचे प्रकरण आहे, आणि त्यात घोडा चौसष्ट घरांतून एकदाच फिरवून आणण्याच्या वाटा दिल्या आहेत. नवव्या शतकात रुद्रटाने काव्यशास्त्रात याच चालीवर अक्षरे रचण्याची क्रीडा सांगितली होती. पुढे कोल्टानोव्स्की हाच घोड्याचा फेरा पट न पाहता करून दाखवत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा ‘विलासमणिमंजरी’ हा ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत आला, तेव्हा शिकणाऱ्याला सुधारणे आणि स्मरणाला व्यायाम देणे हा हेतू त्याच्या मुखपृष्ठावरच छापलेला होता. त्यातला भर अडचणीच्या स्थितींवर, म्हणजे कूटांवर आहे. देशी खेळात प्याद्याने दिलेली मात मानाची, आणि समोरच्याचा नुसता राजा उरला तर ती बुर्जी, म्हणजे अर्धाच विजय. मातेला असा दर्जा असला, की खेळाडूला शेवटापासून मागे विचार करावा लागतो: मात कोणत्या घरात, कोणत्या मोहऱ्याने? स्थिती लक्षात ठेवणे आणि स्थितीला प्रश्न विचारणे ही दोन वेगळी कसबे आहेत. अवधानाने पहिले जोपासले, कूटांनी दुसरे. निसटलेल्या मातेचा संबंध दुसऱ्याशी आहे.

मानसशास्त्राने या भेदाला हळूहळू दुजोरा दिला. आल्फ्रेड बिने याने १८९४ च्या पुस्तकात पट न पाहता खेळणाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यांच्या डोक्यात पटाचे छायाचित्र असेल, या अपेक्षेने तो निघाला होता. चांगल्या खेळाडूंनी त्याला सांगितले की मोहऱ्यांचा रंग, आकार, लाकूड असे काही त्यांना दिसत नाही. जाणवतात ते दाब आणि दिशा: हा उंट त्या कर्णावर आहे, हे प्यादे त्या घोड्यामुळे अडले आहे. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी दाखवले की खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी मांडतो, पण मोहरी वाटेल तशी विखुरली की त्याची आघाडी बहुतेक विरघळते. म्हणजे जे लक्षात राहते ते अर्थाच्या गाठोड्यांत. सोव्हिएत ग्रँडमास्टर आणि मानसशास्त्रज्ञ क्रोगियसने चुकांची वर्गवारी करताना एका फसवणुकीकडे लक्ष वेधले: हिशेब करताना हललेले मोहरे मनात जुन्याच घरी बसून राहते. घोडा एच६ वर गेला तरी मनातली एफ७ ची वाट बंदच राहते, आणि वजिराचा शह दिसत नाही. डोळे उघडे असतील तर ही चूक जास्तच संभवते, असे मला वाटते, कारण जुन्या घरातला घोडा समोर प्रत्यक्ष उभा असतो.

सर्वांत थेट पुरावा मोनॅकोचा आहे. १९९० च्या दशकापासून २०११ पर्यंत तिथे, आणि काही वर्षे नीसला, ‘मेलडी अंबर’ नावाची स्पर्धा भरे. त्याच त्या खेळाडूंमध्ये एक जलद डाव पट पाहून होई आणि एक पट न पाहता. दुसऱ्यात समोर संगणकावर रिकामा पट आणि प्रतिस्पर्ध्याची शेवटची चाल, एवढेच. क्रिस्टोफर शाब्री आणि एलियट हर्स्ट यांनी २००३ मध्ये २३ ग्रँडमास्टरांचे डाव संगणकाकडून तपासून घेतले आणि मोठ्या चुका मोजल्या. सावकाश खेळलेल्या डावांपेक्षा जलद डावांत चुका स्पष्टपणे वाढल्या. पण जलद डाव पट पाहून खेळला की न पाहता, यामुळे पडलेला फरक इतका किरकोळ होता की त्यावरून निष्कर्ष काढता येईना. डोळ्यांपेक्षा वेळ महाग ठरला. बेल्व्हेडियरच्या आवारातल्या जलद डावांतही अव्वल खेळाडूंकडून सोपे विजय सुटतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर कसलीही पट्टी नसते.

यावर एक रास्त हरकत आहे. मोनॅकोच्या पुढच्या वर्षांतल्या नियमांत पट न पाहता खेळणाऱ्याला प्रत्येक चालीमागे वाढीव सेकंद जास्त मिळत, वीस विरुद्ध दहा. मग तुलना समान कशी? ही हरकत मला मान्य आहे, आणि तिच्यातून माझा मुद्दा अधिक टोकदार होतो. दहा सेकंद देऊन जर नजरेची उणीव बहुतांशी भरून निघत असेल, तर नजरेची किंमत तेवढीच. ती किंमत शून्य आहे असे मी म्हणत नाही. ती आपण समजतो त्याच्या मानाने अगदी थोडी आहे. दुसरी हरकत अशी की हे सगळे जगातल्या पहिल्या पंचवीस-तीस खेळाडूंबद्दल झाले; शाळकरी मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली तर तो दहाव्या चालीलाच हरवेल. खरे आहे. पण तो हरवतो तेव्हा त्याची निसटलेली मात मोजण्यात अर्थ नसतो, कारण त्याच्या मनात स्थितीच उरलेली नसते. प्रश्न स्थिती शाबूत असताना सुटलेल्या विजयाचा आहे.

आणि स्थिती शाबूत असताना, डोळे उघडे असताना, वेळही पुरेसा असताना काय होते याची दोन उदाहरणे आपल्या आठवणीतली आहेत. नोव्हेंबर २००६ मध्ये बॉनला विश्वविजेता क्राम्निक संगणकाविरुद्ध खेळत होता. चौतिसाव्या चालीला त्याने वजीर अशा घरी नेला की पुढच्याच चालीला त्याला मात बसली. एका चालीची मात, नवशिक्याला दाखवावी अशी. २०१४ मध्ये सोचीत आनंदविरुद्ध कार्लसनने सव्विसाव्या चालीला राजा डी२ वर सरकवला. ती घोडचूक होती. आनंदच्या घोड्याने ई५ चे प्यादे मारले असते, तर थोड्याच चालींत डाव त्याच्याकडे झुकला असता. आनंदने प्यादे पुढे ढकलले आणि पुढे डाव गमावला. त्याला ई५ चे घर दिसत नव्हते असे कोण म्हणेल? अशा भेटीची अपेक्षाच नव्हती, म्हणून तो प्रश्न त्याने त्या मिनिटाला पटाला विचारला नाही. हाच प्रसंग मोनॅकोत पट न पाहता घडला असता, तर आपण पट्टीला दोष देऊन मोकळे झालो असतो.

अनेक पटांवरच्या एकत्र खेळाचे काय? तिथे स्मरणाचा ताण खरा आहे. १९३० मध्ये सोव्हिएत संघाने आरोग्याच्या कारणाने अशा खेळांवर बंदीच घातली. पण तिथला मुख्य धोका एका पटाचे तपशील दुसऱ्यात मिसळण्याचा. म्हणून असे खेळाडू मुद्दाम वेगवेगळ्या पटांवर वेगवेगळी सुरुवात करतात, म्हणजे प्रत्येक पटाला स्वतःचा चेहरा राहतो. हरण्याचे प्रमाण वाढते ते विरोधक तगडे झाले की. १९०२ मध्ये हॅनोव्हरला पिल्सबरीने २१ कसलेल्या खेळाडूंना पट न पाहता आव्हान दिले आणि तीनच डाव जिंकला, अकरा बरोबरीत, सात गमावले. त्याच वर्षी मॉस्कोत २२ पटांवर तो फक्त एकच हरला होता. पाठ दोन्हीकडे फिरवलेली होती. बदलला तो समोरचा माणूस. कच्च्या खेळाडूविरुद्ध एकदा सुटलेली संधी पुन्हा मिळते, कसलेला ती दुसऱ्यांदा देत नाही. त्यामुळे हॅनोव्हरच्या निकालाकडे मी सुटलेल्या विजयांचा आरसा म्हणून पाहतो, स्मरणाच्या मर्यादेचा पुरावा म्हणून नव्हे.

खिदिरपुरातून डायमंड हार्बर रस्त्याने दक्षिणेला गेले की बेहाला लागते. लालबिहारी शाह यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली कलकत्ता ब्लाइंड स्कूल तिथे आहे. दृष्टिहीनांचे बुद्धिबळ आणि डोळे बांधून खेळलेले बुद्धिबळ ही एकच गोष्ट नाही, हे इथे सांगायला हवे. दृष्टिहीन खेळाडूच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असते, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर खूण असते. तो बोटांनी पट वाचतो आणि चाल मोठ्याने सांगतो. ए, बी, सी यांच्या उच्चारांत घोळ होऊ नये म्हणून ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावे नियमांत ठरलेली आहेत. चारुदत्त जाधव यांनी १९९७ मध्ये मुंबईत उभ्या केलेल्या अखिल भारतीय दृष्टिहीन बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत हाच पट असतो. बोटांना मोहरे जिथे आहे तिथेच सापडते. तीन चालींनंतर ते कुठे असेल हे बोट सांगत नाही, जसे डोळाही सांगत नाही. पट वाचायचे साधन वेगळे आहे, पण पुढचे पाहण्याचे काम दोघांनाही मनातच करावे लागते.

एलियट हर्स्ट आणि जॉन नॉट यांनी २००९ च्या ग्रंथात पट न पाहता खेळलेले चारशेहून अधिक डाव छापले आहेत. पूर्वी एकेका डावाच्या तपासणीत रात्री जात. आज साधा संगणक ते सगळे थोड्या वेळात पालथे घालू शकतो आणि तो कोरा रकाना भरू शकतो. भरताना त्याच काळातले, त्याच खेळाडूंचे उघड्या डोळ्यांचे डाव शेजारी ठेवावेत, आणि त्यांत १८५५ चा कलकत्त्याचा डावही असावा. महेशचंद्राने घोडा ए५ वर नेला, तो बहुधा पांढरा वजीर आता हलणारच या हिशेबाने. पट समोर मांडलेला होता आणि एच६ चे घर रिकामे होते.